आरजीएच केलेला जुना एक्सबॉक्स ३६० घेताना नेमकं काय तपासावं?

तळमजला
जुन्या सामानाच्या जाहिरातींत सध्या चार प्रकारचे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं, दिसताहेत. एक, 'स्लिम २५० जीबी, जेटॅग केलेला, गेम भरून'. दोन, 'ई मॉडेल ५०० जीबी, आरजीएच'. तीन, 'फॅट, एलटी ३.० मॉडेड', हा सगळ्यांत स्वस्त. चार, 'पीएस३ सुपर स्लिम, जेलब्रेक'. (फॅट, स्लिम आणि ई हे एक्सबॉक्स ३६० चे जुन्यापासून नव्यापर्यंतचे साचे; पीएस३ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ३.) चारही विक्रेते 'मॉडेड आहे, सगळं चालतं' एवढंच सांगतात, म्हणजे कंपनीचे निर्बंध मोडून बदललेला.
गरज अशी: घरातल्या डिस्कची नक्कल हार्ड डिस्कवरून चालवायची, छोटे आर्केड प्रकारचे गेम आणि एम्युलेटर (जुन्या यंत्रांची नक्कल करणारी सॉफ्टवेअर) चालवायचे. ऑनलाइन खेळायचं नाही. टीव्ही एचडीएमआयचा आहे. यातलं काय घ्यावं, आणि विक्रेत्याला काय विचारावं?

सोल्डरबुवा
पहिल्या जाहिरातीतच गोम आहे. स्लिमला जेटॅग होत नाही. जेटॅगची पळवाट ७३७१ किंवा त्याआधीच्या डॅशबोर्डवर (कन्सोलच्या सिस्टिम सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर) होती आणि ऑगस्ट २००९ च्या अपडेटने ती बुजवली. स्लिम बाजारात आला २०१० च्या जूनमध्ये. म्हणजे 'स्लिम जेटॅग' लिहिणाऱ्याला एकतर फरक माहीत नाही किंवा त्याने कुणाचं तरी लिहिलेलं उतरवलंय. कन्सोल चांगला निघू शकतो, पण माहिती विक्रेत्याच्या तोंडून नाही, मशीनकडून घ्यायची.

तीन शब्द वेगळे करून ठेवा.

एलटी म्हणजे फक्त डीव्हीडी ड्राइव्हचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेलं. बाकी कन्सोल जसाच्या तसा. बर्न केलेली डिस्क त्याला खरी वाटते, बस. हार्ड डिस्कवरून नक्कल चालत नाही, एम्युलेटर चालत नाही. तुमच्या गरजेला शून्य उपयोग, म्हणूनच तो स्वस्त आहे.

जेटॅग म्हणजे वर सांगितलेला जुना प्रकार. फक्त फॅटमध्ये, आणि तोही अपडेट न घेतलेल्या. आता क्वचित मिळतो. चालू होताना मात्र एका झटक्यात होतो.

आरजीएच म्हणजे रीसेट ग्लिच हॅक. ग्लिग्ली नावाच्या हॅकरने २०११ मध्ये आणला. कन्सोल चालू होताना प्रोसेसर पुढच्या टप्प्याची सही तपासतो. नेमक्या त्या क्षणी त्याला मंद करून रीसेटच्या तारेवर काही नॅनोसेकंदांचा झटका द्यायचा, म्हणजे तपासणीचं उत्तर चुकतं आणि बदललेला कोड आत जातो. झटका दर वेळी बसेलच असं नाही. बसला नाही की मशीन पुन्हा प्रयत्न करतं. त्यामुळे आरजीएच कन्सोल कधी पाच सेकंदांत उठतो, कधी तीस. हा दोष नाही, पण बोर्डावर तारांची जोडणी किती नीट केलीय त्याचं हेच माप आहे.

चौथी_बाजू
म्हणजे तिसरा बाद. पण समोर ठेवलेला कन्सोल खरोखर आरजीएच आहे हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं? उघडून तर कोणी देणार नाही.

सोल्डरबुवा
उघडायची गरज नाही. कन्सोल बंद करा, वीज चालू ठेवा, आणि पॉवरच्या ऐवजी इजेक्टच्या बटणाने चालू करा. आरजीएच किंवा जेटॅग असेल तर झेल नावाचा अक्षरांचा पडदा येतो. त्यावर सीपीयू की (प्रोसेसरची किल्ली), डीव्हीडी की (ड्राइव्हची किल्ली) अशा ओळी दिसतात. साधा किंवा एलटी कन्सोल ट्रे बाहेर काढेल आणि नेहमीच्या डॅशबोर्डवर जाईल.

त्या पडद्याचा फोटो काढून घ्या. सीपीयू की ३२ अंक-अक्षरांची असते आणि प्रत्येक कन्सोलची वेगळी. मशीन तुमचं झाल्यावर ती जाहीर कुठे टाकू नका, पण स्वतःच्या मेलवर नक्की ठेवा.

पंखा_फुल्ल
यात २०२५ पासून एक नवी भानगड आली आहे, ती धाग्यात नोंदवतो. मार्च २०२५ मध्ये बॅड अपडेट नावाचा निव्वळ सॉफ्टवेअरचा मार्ग निघाला. शेवटच्या १७५५९ डॅशबोर्डवर तो पेन ड्राइव्हवरून चालतो, डाग द्यायची (सोल्डरिंगची) गरज नाही. पण तो टिकत नाही. कन्सोल बंद केला की गेला. पुन्हा चालू केलं की पुन्हा सगळं करायचं, आणि पहिल्या आवृत्तीत दर वेळी यश येतंच असं नव्हतं, वीस मिनिटंही लागत.

आता होतं काय, की काही जण साध्या कन्सोलवर हे आधीच चालवून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पडद्यावर ऑरोरा (मॉडेड कन्सोलवरचा मेनू) दाखवतात आणि 'आरजीएच' म्हणून विकतात. चालू अवस्थेतला कन्सोल बघून पैसे देऊ नका. वायर काढायला लावा, सगळे पेन ड्राइव्ह काढायला लावा, मग इजेक्टने चालू करा. झेल आलं तर खरं.

सोल्डरबुवा
बरोबर. आणि तो मार्ग वाईट आहे असं नाही. साधा स्लिम आधीच घरात असेल तर फुकटात करून बघण्यासारखा आहे. आरजीएचच्या भावात तो विकत घेणं मात्र मूर्खपणा.

तळमजला
इजेक्टची युक्ती कळली. ई मॉडेलचं काय? तो सगळ्यांत नवा, म्हणजे सगळ्यांत टिकाऊ असणार ना?

सोल्डरबुवा
इथे आतल्या मुख्य बोर्डांची नावं घ्यावीच लागतील. मागच्या लेबलवर १२ व्होल्टच्या पुढे जो अँपिअरचा आकडा छापलेला असतो, त्यावरून बोर्ड ओळखता येतो.

१६.५ अँपिअर: झेनॉन किंवा झेफिर. हात लावू नका. एचडीएमआयचं भोक नसेल तर बहुधा झेनॉनच. तीन लाल दिव्यांचा जो प्रसिद्ध रोग, तो यांचा. त्यापायी मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम त्यासाठी बाजूला काढावी लागली. हीट गनने 'दुरुस्त' केलेले असे बोर्ड अजून फिरताहेत. ते काही आठवडे, फार तर काही महिने चालतात.

१४.२ अँपिअर: फाल्कन. प्रोसेसर सुधारला, ग्राफिक्स चिप मात्र तेवढी नाही. जुगार आहे.

१२.१ अँपिअर: जॅस्पर. फॅटमध्ये घ्यायचा तर हाच.

१०.८३ अँपिअर: ट्रिनिटी, पहिला स्लिम. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर, ४५ नॅनोमीटर. आरजीएचसाठी माझ्या मते सगळ्यांत सरळ बोर्ड. जोडणीच्या जागा मोकळ्या आहेत आणि नँड (सिस्टिम साठवणारी मेमरी) साधी १६ एमबीची.

९.६ अँपिअर: कोरोना, नंतरचा स्लिम. बोर्ड चांगला, पण उपप्रकार बरेच. पुढच्या काही कोरोनांत ग्लिचला लागणारी पोस्टची (चालू होण्याचा टप्पा कळवणारी) रेघ कारखान्यातच काढून टाकली आहे. मग 'पोस्टफिक्स' नावाची छोटी पट्टी प्रोसेसरच्या कडेला दाबून बसवतात. ती नुसत्या दाबावर टिकलेली असते, कुरिअरमध्ये आदळली की सरकते आणि कन्सोल उठतच नाही. विक्रेता म्हणतो पाठवताना चालू होता, गिऱ्हाईक म्हणतं आला तेव्हा मेलेला, आणि दोघंही खरं बोलत असतात.

ई मॉडेलमध्ये आत बहुतेक कोरोनाच असतो. पण शेवटच्या खेपेत विंचेस्टर बोर्ड आला आणि त्याला आरजीएच होत नाही. ई वर आरजीएच लिहिलंय आणि झेल दिसत नाही, तर आत विंचेस्टर असायची दाट शक्यता. विंचेस्टरवाल्यांना पंखा_फुल्ल यांनी सांगितलेला बॅड अपडेटचाच रस्ता.

निळी_चकती
ट्रिनिटीला इतकं डोक्यावर घ्यायचं कारण नाही. जॅस्पर उघडायला सोपा, पंखे सहज मिळतात आणि आवाज सोडला तर तो वर्षानुवर्षं चालतो.

सोल्डरबुवा
आवाज सोडला तर! तोच तर सुटत नाही ना. शिवाय फॅटची हार्ड डिस्क वरच्या खास डब्यात बसते, तो डबा हरवलेला असेल तर शोधत फिरा. स्लिमला नुसती अडीच इंची साटा डिस्क खाचेत सरकते. सैल बसते, म्हणून प्लास्टिकची कॅडी घ्यावी, पण तिच्यावाचून अडत नाही.

जॅस्परला माझा विरोध नाही. फाल्कनला 'जॅस्पर' म्हणून विकतात त्याला आहे. आकडा बघा.

पंखा_फुल्ल
चाचणी कशी घ्यावी यावर थोडं. नुसता चालू करून परत येऊ नका.

थंड मशीन दहा वेळा बंद-चालू करा. दहापैकी आठ-नऊ वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत उठला तर जोडणी छान. दोन-तीनदा मिनिटाच्या वर गेला, किंवा मधेच वायर काढून पुन्हा लावावी लागली, तर तारेची लांबी किंवा जागा चुकली आहे. दुरुस्त होतं, पण त्याची मजुरी किमतीतून वजा करा.

मग एखादा जड गेम पाऊण तास चालवा आणि ऑरोरात तापमान बघा. साठी-सत्तरीत आकडे खेळत असतील तर ठीक. पंचाऐंशीकडे सरकत असतील आणि पंखा ओरडत असेल तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे. पेस्ट बदलणं हे तासाभराचं काम. तापल्यावर लगेच बंद करून पुन्हा चालू करून बघा. गार असताना उठणारा आणि तापल्यावर न उठणारा कन्सोल ही नेहमीची तक्रार आहे.

फॅट असेल आणि लाल दिवे लागले तर सिंकचं बटण दाबून ठेवून इजेक्ट चार वेळा दाबा. दिवे प्रत्येक दाबाला एक आकडा सांगतात: चारही दिवे लागले तर शून्य, एक लागला तर एक, असं. ०१०२ आलं तर चिपखालचे डाग सुटलेत असं समजून नमस्कार करून निघा.

चौथी_बाजू
आरजीएच ३ आणि चिपवाला यात कुठला मागावा? एक विक्रेता चिपचे पैसे जास्त मागतोय.

सोल्डरबुवा
आरजीएच ३ मध्ये वेगळी ग्लिच चिप नसते. बोर्डावरच्या सिस्टिम कंट्रोलरलाच ते काम शिकवलेलं असतं, बाहेरून दोन तारा आणि एक-दोन सुटे भाग. चिप नाही म्हणजे चिप बिघडायचा प्रश्न नाही. ट्रिनिटी-कोरोनावर मी आरजीएच ३ लाच पसंती देईन. फॅटवर मात्र चिपचा आरजीएच १.२ जास्त झटपट उठतो. आरजीएच २ हा मधला जुना प्रकार, संथ. चालत असेल तर असू दे, पण त्याला जादा पैसे कशाला?

तळमजला
दोन जाहिरातींत 'यूएसए इंपोर्टेड' असं कौतुकाने लिहिलंय. त्याने काही फरक पडतो का?

पंखा_फुल्ल
पडतो, आणि धूर निघेपर्यंत कळत नाही. अमेरिकेतल्या ३६० चा अडॅप्टर १०० ते १२७ व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावला की संपला. अडॅप्टर पालथा करा, इनपुटच्या ओळीत २०० ते २४० दिसलं पाहिजे. ११० चा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नाहीतर इथला अडॅप्टर, दोन्हींचा खर्च तुमचाच.

फॅट, स्लिम आणि ई, तिघांच्या पिना वेगळ्या. फॅटमध्येही खाचा अशा आहेत की जास्त वॅटचा अडॅप्टर कमी लागणाऱ्या बोर्डाला बसतो, उलट बसत नाही. फाल्कनचा जॅस्परला चालेल, जॅस्परचा फाल्कनला नाही. ठोकून बसवू नका.

गेमच्या प्रदेशाची अडचण आरजीएचवर राहत नाही, त्याची काळजी नको.

धागा_राखण
चर्चा छान चालली आहे. दोन प्रतिसाद काढले आहेत, त्यात तयार गेम उतरवण्याचे दुवे होते. मशीन, सॉफ्टवेअर, स्वतःच्या डिस्कची नक्कल आणि होमब्रू (हौशी लोकांनी केलेली सॉफ्टवेअर) यांवर हवं तेवढं लिहा. गेमचे दुवे इथे नकोत, आणि 'भरून दिलेल्या' हार्ड डिस्कच्या जाहिरातीही नकोत.

निळी_चकती
तसंही 'भरून दिलेली' डिस्क बघून कन्सोल निवडणं चुकीचंच. ती डिस्क बहुतेक वेळा दहा वर्षं फिरलेली असते, अर्ध्या फोल्डरांत फाइली अपुऱ्या, आणि तिच्या नावाखाली किंमत फुगवलेली. बिनडिस्कचा भाव विचारा आणि आपली नवी घाला.

चौथी_बाजू
डिस्क कितीची, आणि कुठली फॉरमॅट? बाहेरची यूएसबी चालेल का?

निळी_चकती
आतली: कुठलीही अडीच इंची साटा, २ टीबीपर्यंत. साध्या कन्सोलला मायक्रोसॉफ्टची सही असलेली डिस्क लागते, आरजीएचला लागत नाही. कन्सोलमध्येच फॉरमॅट करा. एक अडचण येते: पहिल्या एक्सबॉक्सचे जुने गेम अशा डिस्कवर चालत नाहीत, कारण त्यांना लागणारा छोटा वेगळा विभाग कारखान्याच्या डिस्कवरच असतो. तो तयार करून देणारी होमब्रू मिळते, नावात 'कंपॅटिबिलिटी पार्टिशन' असतं.

बाहेरची: फॅट३२. विंडोजची नेहमीची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ करून देत नाही, त्यासाठी वेगळं छोटं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, म्हणून पूर्ण आयएसओ (डिस्कची एका फाइलमधली नक्कल) तशीच टाकून उपयोग नाही. एकतर आयएसओ उघडून फोल्डर करायचा, त्यात गेम सुरू करणारी डीफॉल्ट.एक्सईएक्स फाइल असते, नाहीतर आयएसओटूगॉड नावाच्या सॉफ्टवेअरने तिचे सुमारे १७० एमबीचे तुकडे करायचे. फोल्डरात बारक्या फाइली हजारोंनी असू शकतात, त्यामुळे चढवायला वेळ जातो. तुकडेवाला प्रकार भराभर जातो.

लहान पोर्टेबल डिस्क पुढच्या भोकात लावली आणि ती टिक-टिक करत चालू-बंद होत राहिली, तर डिस्क बिघडलेली नसते, वीज पुरत नसते. मागच्या भोकात लावा किंवा दोन तोंडांची केबल घ्या.

नेटवर्कने (एफटीपीने) फाइली पाठवायच्या तर ३६० चं इथरनेट १०० एमबीपीएसचं. सेकंदाला १० एमबी धरा. सात जीबीच्या गेमला बारा मिनिटं. मोठा साठा चढवायचा तर डिस्क काढून संगणकाला लावणंच बरं.

तळमजला
आर्केड गेमचं काय? स्टोअर बंद झालं असं वाचलं.

पंखा_फुल्ल
३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं. नवी खरेदी बंद, आधी घेतलेले गेम साध्या कन्सोलवर पुन्हा उतरवता येतात. पण त्यासाठी लाइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेला) जोडावं लागतं, आणि आरजीएच कन्सोल लाइव्हवर गेला की त्यावर बंदी आलीच म्हणून समजा. तुमच्या खात्यात घेतलेले गेम पडून असतील तर त्यांच्यासाठी एक साधा कन्सोल वेगळा ठेवा. त्यांतले काही गेम एक्सबॉक्स वन आणि सिरीजवरही चालतात, आधी तिथे बघा.

निळी_चकती
आता पीएस३ ची बाजू, कारण चौथ्या जाहिरातीवर कोणीच बोललं नाही.

पीएस३ मध्ये 'जेलब्रेक' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतात. कस्टम फर्मवेअर कायमचं असतं, मशीन सुरू झालं की तयार. ते सगळ्या फॅटवर आणि २०००, २१०० व २५०० मालिकेच्या स्लिमवर बसतं. त्यातही २५०० वाल्याचं कारखान्यातलं किमान फर्मवेअर ३.५६ किंवा खालचं हवं. ३००० मालिका आणि सगळे सुपर स्लिम यांना ते बसत नाही. त्यांना फक्त हेन, म्हणजे २०१९ मध्ये आलेला प्रकार. तो दर वेळी मशीन चालू केल्यावर मेनूतून सुरू करावा लागतो. एकदा सुरू झाला की रोजच्या वापरात फारसा फरक जाणवत नाही, पण किमतीत जाणवला पाहिजे.

त्यामुळे सुपर स्लिमला 'फुल जेलब्रेक' म्हणणाऱ्याला विचारा, 'हेन का?' उत्तर ऐकून पुढचं ठरवा.

पहिले फॅट मात्र टाळा. पिवळा दिवा लागून मरतात. चार यूएसबी भोकांच्या सुरुवातीच्या मॉडेलात खऱ्या पीएस२ चं हार्डवेअर आहे, म्हणून संग्राहक त्यांच्या मागे असतात. रोज खेळायला घेऊ नका.

सोल्डरबुवा
पीएस३ चा एक फायदा मान्य करतो: डाग द्यावा लागत नाही, त्यामुळे कुणाच्या कच्च्या हातकामावर तुम्ही अवलंबून नसता. तळमजला यांना टीव्हीवरचे छोटे गेम आणि एम्युलेटरच हवे असतील तर २५०० चा स्लिम वाईट नाही. दोन्ही यंत्रांवर निघालेल्या बऱ्याच गेमांत मात्र ३६० ची आवृत्ती जास्त गुळगुळीत चालते, आणि ऑरोराची मांडणी मला कधीही जास्त सुटसुटीत वाटते.

चौथी_बाजू
थोडं अवांतर: हातात धरायचं काही हवं असेल तर?

पंखा_फुल्ल
पीएस व्हिटा, सोनीचा हातातला कन्सोल. विचारायचं एवढंच: फर्मवेअर ३.६० किंवा ३.६५ आणि त्यावर एन्सो आहे का? एन्सो असेल तर बदल कायमचा. पुढच्या फर्मवेअरवर असेल तरी खाली आणता येतो. सोनीचं महागडं मेमरी कार्ड लागत नाही, गेम कार्डाच्या खाचेत एसडीटूव्हिटा अडॅप्टर घालून साधं मायक्रोएसडी, एक्सफॅटमध्ये. १००० मालिकेचा पडदा ओलेड, पण चार्जिंगची केबल खास. २००० ला मायक्रो यूएसबी आणि आत १ जीबी जागा. पीएसपीचे गेम ॲड्रेनलिन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतात. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू.

तळमजला
तिसरा आणि चौथा सोडला. ई वाल्याने इजेक्टची चाचणी दाखवायला नकार दिला, तोही सोडला. पहिल्याने फोटो पाठवले: मागे १०.८३ अँपिअर, अडॅप्टरवर २०० ते २४०, झेलचा पडदा आहे. म्हणजे 'जेटॅग' लिहिलेला प्रत्यक्षात आरजीएचचा ट्रिनिटी. डीव्हीडी ड्राइव्ह मात्र बदललेला आहे म्हणतो, डिस्क वाचत नाही.

सोल्डरबुवा
ड्राइव्हचा बोर्ड आणि कन्सोल डीव्हीडी कीने एकमेकांशी बांधलेले असतात. ड्राइव्ह बदलताना ती की नव्या ड्राइव्हमध्ये लिहिली नसेल तर तो डिस्क ओळखणार नाही. की तुम्हाला झेलच्या पडद्यावर दिसतेय, त्यामुळे ती लिहून घेता येईल, पण ड्राइव्हची जात बघावी लागेल. हार्ड डिस्कवरून खेळायला ड्राइव्हची गरज नाही. पण तुम्हाला घरच्या डिस्कची नक्कल याच कन्सोलवर करायची आहे ना? मग ड्राइव्हचे पैसे भावातून वजा करून मागा.

घरी आणल्यावर गेम लावायच्या आधी दोन कामं. झेल चालू असताना लॅनची वायर राउटरला लावा. पडद्यावर आयपी पत्ता येतो, तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाका, तिथून नँडची प्रत उतरते. दोनदा उतरवा, दोन्ही प्रती जुळवा, कीच्या फोटोसोबत ठेवा. ट्रिनिटीची प्रत १६ एमबीच्या थोडी वर असते. उद्या नँड बिघडली आणि ही प्रत आणि की दोन्ही हाताशी नसतील, तर डाग देणारा कितीही हुशार असला तरी हात वर करेल.

मग वायर काढा आणि डॅशलाँच या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नोअपडेटर (अपडेट रोखणारा) आणि लाइव्हब्लॉक (लाइव्हशी जोडणी रोखणारा) दोन्ही चालू आहेत का बघा. काही गेमच्या डिस्कवरच सिस्टिम अपडेट असतं, नोअपडेटर बंद असेल तर ते विचारतं आणि घरातलं कोणीतरी 'हो' दाबतं.

तळमजला
ड्राइव्हचा फोटो मागवला. वरच्या स्टिकरवर लाइट-ऑन कंपनीचं नाव दिसतंय.

सोल्डरबुवा
जमेल. पण की लिहिल्याशिवाय ड्राइव्हचे पैसे देऊ नका.